जुन्या कायेनच्या मागे लागलायस तर

हे बघ, क्रेटाच्या पैशात पोर्शे मिळतेय म्हटल्यावर तुझी झोप उडाली असणार, ते मला कळतं. बघायला जरूर जा, पण टोकन देऊन मोकळा होऊ नकोस. गाडीची किंमत उतरली, तिच्या पार्टची उतरलेली नाही. नवी असताना जी गाडी श्रीमंतालाही दोनदा विचार करायला लावायची, तिचा स्ट्रट आजही त्याच श्रीमंताच्या भावाने येतो. वर कस्टम ड्यूटी आणि जीएसटी.

दुसरं म्हणजे मीटरवर पंचेचाळीस हजार किलोमीटर बघून भाळू नकोस. मीटर मागे फिरवता येतं हा भाग वेगळाच, पण आकडा खरा असला तरी प्लास्टिक आणि रबर किलोमीटर मोजत नाहीत, वर्षं मोजतात. उभ्या राहिलेल्या गाडीचे पाइप कडक होतात, सील सुकतात, एअर सस्पेन्शनच्या रबराला बारीक चिरा जातात. लाख-सव्वा लाख फिरलेली पण जॉबकार्डांची जाड फाइल असलेली गाडी मी डोळे मिटून वरची धरीन.

आता खुद्द कायेन. पहिली 2002 साली आली. सुरुवातीच्या एस आणि टर्बोमध्ये 4.5 लिटरचं व्ही-8 इंजिन. या इंजिनात कूलंटचे पाइप इनटेक मॅनिफोल्डच्या खाली, दोन्ही बाजूंच्या सिलिंडरांच्या मधल्या खोबणीत बसवलेत, आणि ते चक्क प्लास्टिकचे आहेत. वर्षानुवर्षं तापून ते खापरीसारखे ठिसूळ होतात आणि एक दिवस फुटतात. स्टार्टरही तिथेच, त्याच खोबणीत, म्हणजे गरम पाणी आधी त्याच्यावर. कंपनीने पुढे ॲल्युमिनियमच्या पाइपांचा सेट काढला. तेव्हा पहिला प्रश्न हाच विचार, ‘पाइप बदललेत का? बिल दाखवा.’ तोंडी ‘हो’ धरायचं नाही. बॉनेट उघडल्यावर गोडसर वास आला, किंवा इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडापाशी खालून थेंब दिसला, तर समजून जा. पाइपांच्या किमतीपेक्षा इथे लेबर जास्त लागतं, कारण मॅनिफोल्ड उतरवल्याशिवाय हात पोचत नाही. म्हणून एकदा उघडलंच तर थर्मोस्टॅट आणि मागच्या बाजूला हीटरच्या नळ्यांना जोडणारे प्लास्टिकचे टी त्याच खेपेला बदलून घ्यायचे. ते टी तर बोटाने दाबले तरी चुरा होतात. पुढच्या 4.8 लिटरच्या इंजिनात पाइपांचं हे दुखणं गेलं, पण काही जोड गोंदाने चिकटवलेले आले, आणि गोंदही तापून सुटतो.

चालवून बघताना रेडिओ बंद ठेव. एजंट आधी तोच लावतो. थांबलेली गाडी उचलताना किंवा मध्यम वेगात जराशी गती वाढवताना पायाखालून, मधल्या बोगद्यातून, ढब ढब आवाज आला तर प्रोपेलर शाफ्टच्या मधल्या बेअरिंगचं रबर फाटलंय. या गाडीचं हे ठरलेलं दुखणं. कंपनीत पूर्ण शाफ्ट बदलायला सांगतील. चांगला मिस्त्री नुसतं बेअरिंग आणि त्याचा रबराचा कॅरिअर बदलून देतो, निम्म्याहून कमी पैशात.

एअर सस्पेन्शन असेल तर संध्याकाळी टेप घेऊन जा. चारही चाकांच्या मधोमधपासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर मोजून कागदावर लिही, गाडी रात्रभर बंद ठेवायला सांग, सकाळी पुन्हा मोज. एक कोपरा बसला असेल तर तिथला स्ट्रट हवा सोडतोय. नुसत्या डोळ्यांनी हे कळत नाही, कारण चावी फिरवली की कंप्रेसर गाडी उचलून धरतो. आणि गळका स्ट्रट तसाच ठेवून नवा कंप्रेसर बसवणारे पुष्कळ आहेत. कंप्रेसर बिचारा दिवसभर पळत राहतो आणि सहा महिन्यांत जळतो. ओरिजिनल स्ट्रट एकेक लाखाच्या घरात जातो. टर्बोला एअर सस्पेन्शन कंपनीतूनच यायचं. एस आणि व्ही-6 मध्ये साध्या स्प्रिंगच्या गाड्याही आहेत. तशी मिळाली तर भावात फार ताणू नकोस.

पाण्याचं बघ. सनरूफच्या आणि काचेखालच्या पन्हाळीच्या नळ्या पानांनी तुंबतात आणि पावसाचं पाणी थेट पायाखालच्या गालिच्यात उतरतं. बॅटरी पुढच्या सीटखाली, वायरिंगही तिथेच. कोकणात, गोव्यात झाडाखाली उभी राहिलेली गाडी असेल तर गालिचा तळहाताने दाबून बघ, ओला लागतो का, कुबट वास येतो का. सीटबेल्ट अगदी शेवटपर्यंत ओढ. टोकाला चिखलाची रेघ असली तर ती गाडी पुरात बुडालेली आहे. तिथूनच मागे फिर.

इंजिन थंड असतानाच सुरू करायचं. पोचल्याबरोबर बॉनेटवर हात ठेव. कोमट असेल तर मालकाने आधीच चालवून ठेवलीय. अशा वेळी चहा पी, दोन-तीन तास थांब. या व्ही-8 च्या सिलिंडरला बिडाची स्लीव्ह नसते, सिलिकॉन मिसळलेल्या ॲल्युमिनियमवर पिस्टन चालतो, आणि तिथे ओरखडे पडले की इंजिन तेल प्यायला लागतं. थंड देशांत हे जास्त होतं, आपल्याकडे कमी, तरी एकाच बाजूने टकटक आली तर प्लग काढून आत कॅमेरा घालायला लाव. ओरखडे निघाले तर दुरुस्ती गाडीच्या किमतीच्या वर जाईल. गिअरबॉक्सचं तेल ‘लाइफटाइम’ आहे असं कोणी म्हणालं तर हसून सोड. या गाडीचा गिअरबॉक्स आयसिनचा, पण गिअरबॉक्स बनवणारी झेडएफसुद्धा आपल्या गिअरबॉक्सला 80,000 ते 1,20,000 किलोमीटरवर तेल बदलायला सांगते.

दुसरीकडे वळायचं असेल तर थोडक्यात सांगतो. एमएल 63 एएमजीच्या 6.2 लिटर इंजिनात हेडचे बोल्ट गंजून तुटतात. एक्स5 आणि एक्स6 च्या 50आय मध्ये टर्बो व्ही-8 च्या मधल्या खोबणीतच आहेत, त्या उष्णतेने व्हॉल्व्ह सील जातात. रेंज रोव्हर स्पोर्टच्या 3.0 डिझेलला क्रँकशाफ्टची भीती. कायेन या सगळ्यांत बरी, कारण तिचा सांगाडा फोक्सवॅगन टूआरेगबरोबर सामाईक आहे. पार्टनंबर 7एल ने सुरू झाला तर तोच नग फोक्सवॅगनच्या खोक्यात स्वस्त मिळू शकतो. पुण्याच्या नाना पेठेत नाही मिळाला तर दिल्लीला मायापुरीत चौकशी कर.

दिल्लीच्या गाड्यांचंही सांगून ठेवतो. तिथे दहा वर्षांच्या डिझेलवर बंदी आली आणि चांगल्या चांगल्या गाड्या इकडे स्वस्तात येऊ लागल्या. वाईट असतातच असं नाही, पण एनओसी हातात पडल्याशिवाय आणि आपल्या आरटीओत कर किती पडतो ते विचारल्याशिवाय ‘स्वस्त’ म्हणू नकोस. विमाही तपास, इतक्या जुन्या गाडीला झिरो-डेप सहसा देत नाहीत.

पैशाचं साधं गणित धर. किमतीचा तिसरा हिस्सा पहिल्या वर्षासाठी बाजूला. चार चांगले टायर लाखाच्या पुढे जातात, इंजिन ऑइल आठ-नऊ लिटर लागतं, इग्निशन कॉइल आठ, आणि एक गेली की बाकीच्या सात फार मागे नसतात. तेवढे पैसे नसतील तर साधी व्ही-6 बघ, बिल्ला तोच आहे.

आणि हो, दुसरी चावी माग. ‘घरी आहे, देतो नंतर’ म्हणाला तर नव्या चावीचे आणि तिच्या कोडिंगचे पैसे भावातून कापूनच बोल.