प्रचाराचे काम अर्जातून लपवावे का?

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो. अकरावीतली मुलगी एका उमेदवारासाठी घरोघरी प्रचार करते. पक्षाचे नाव दिसले तर कॉलेज प्रवेश हुकेल, म्हणून हे अर्जात लिहूच नये, असे ह्यांचे म्हणणे आहे. काय करावे?
— एक आई

उत्तर : ताई, लपवू नका. प्रवेश अधिकारी पक्षापेक्षा मुलीने जबाबदारी कोणती पेलली, हे पाहतात. वाचणाराही माणूसच, त्यामुळे तुमची धास्ती समजते. पण त्यावर उपाय आहे. ‘कॉमन ॲप’ या प्रवेश अर्जात 10 उपक्रम मांडता येतात आणि प्रत्येकाच्या वर्णनाला जेमतेम 150 अक्षरे मिळतात. ती विचारसरणीवर खर्चू नयेत. किती घरे गाठली, मराठी-गुजराती आजी-आजोबांना मतदार नोंदणी कशी समजावली, हे लिहू दे. पक्षाचे नाव नकोच वाटले तर ‘स्थानिक निवडणूक प्रचार’ एवढे पुरते. निबंधात मात्र विरोधकांवर टीका नको; न पटणाऱ्या मतदाराचे तिने कसे ऐकून घेतले, ते अधिक मोलाचे.

मुलगी एच-4 व्हिसावर असेल तर सांभाळा. विनामोबदला स्वयंसेवा चालते. पण उमेदवाराला देणगी देणे किंवा प्रचाराच्या निर्णयप्रक्रियेत भाग घेणे कायद्याने वर्ज्य आहे. असे निर्णय घेण्याचे पद कोणी देऊ केले, तर नम्रपणे नाकारायला सांगा.