गटारीने शिकवलेल्या सहा गोष्टी

आषाढ उतरणीला लागला की कल्याणजवळच्या आमच्या मोहन्यात एकच प्रश्न फिरू लागतो, ‘यंदा कुठे बसायचं?’ पंचांगातली दीप अमावास्या म्हणजे आमच्या आळीची गटारी. पूर्वी इथल्या एनआरसी कंपनीची शिफ्ट सुटली की मंडळी जमायची. २००९ मध्ये कंपनी बंद पडली, तरी गटारी काही बंद पडली नाही. बैठक आमच्या गच्चीवर असते आणि वर्गणीची वही माझ्याकडे. ती वही सांभाळताना ध्यानात आलेल्या या गोष्टी.

१. तिथीपेक्षा वार मोठा.
२०२४ ला अमावास्या ४ ऑगस्टला, रविवारी आली; सोन्याहून पिवळं. २०२५ ला ती २४ जुलैला, गुरुवारी पडली. गुरुवारी निम्म्या मंडळींचा वार असतो, म्हणून बैठक आधीच्या रविवारी सरकली. २०२३ मध्ये तर अधिक श्रावण होता. अधिक महिना पाळायचा, की १७ ऑगस्टला सुरू होणारा निज, यावर असा वाद रंगला की काहींनी दोन्हीच्या आधी गटारी उरकली! तेव्हा आधी रविवार पक्का करा, शास्त्रार्थ मागाहून.

२. सकाळचा ओटा मागू नका.
गटारी आणि दिव्यांची अवस एकाच दिवशी आली की सकाळ दिव्यांची. समया, निरांजनं चिंचेने घासून लखलखीत होतात, पाटावर मांडली जातात. कणकेचे गुळाचे दिवे उकडून त्यावर तूप पडतं. तोवर कोंबडीची पिशवी उंबऱ्याबाहेर. दिव्यांच्या अवसेच्या कहाणीत दिवे रात्री झाडावर जमून घरोघरच्या गोष्टी बोलतात. रात्री आमच्या गच्चीवरही दुसरं काही चालत नाही.

३. कोंबडी आदल्या दिवशी सांगा.
३१ जुलैपर्यंत मासेमारीबंदी असते, त्यामुळे सगळा भार कोंबडी-मटणावर येतो आणि दुकानासमोर पहाटेपासून रांग लागते. माणशी पाव किलो धरा. ‘पिणारा कमी खातो’ असं म्हणणाऱ्याने पातेलं घासलेलं नसतं. चखण्याला सुका बोंबील भाजा, पण खिडक्या उघडून. आणि तांदळाच्या भाकऱ्या वेळेत हव्या असतील, तर पीठ मळायला स्वतः बसा.

४. स्वस्ताच्या मागे लागू नका.
वर्गणी कमी पडली की कुणीतरी हातभट्टीचं नाव काढतोच. तिथेच विषय तोडायचा. जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभरावर माणसं गेली. मिथेनॉल वासावरून किंवा चवीवरून ओळखता येत नाही. आधी डोळे जातात, मग जीव. पैसे कमी असतील तर बाटली कमी आणा, रस्सा वाढवा.

५. चाव्या डब्यात, नदी लांब.
येणाऱ्याने गाडीची चावी आधी डब्यात टाकायची, मग पाटावर बसायचं. शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅमहून जास्त अल्कोहोल सापडलं, तर पहिल्याच वेळी दहा हजारांचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. ‘जरा उल्हासचं पाणी बघून येऊ’ ही टूम तिसऱ्या पेल्यानंतर हमखास निघते. जुलैअखेरीस ती नदी कुणाची ओळख ठेवत नाही. त्यासाठी न पिणारा एक धिप्पाड भाचा जिन्यात बसवावा.

६. सण कुंपणामुळे टिकतो.
दिव्यांच्या अवसेला कहाणी आहे, गटारीला पोथी नाही की देव नाही. त्यात लाजण्यासारखं काही नाही. म्युनिकच्या ऑक्टोबरफेस्टची सुरुवात १८१० मध्ये बव्हेरियाच्या युवराजाच्या लग्नानिमित्त भरलेल्या घोड्यांच्या शर्यतीने झाली. बिअरने सण नंतर काबीज केला. गोव्याचा कार्निव्हल मात्र आमचा सख्खा भाऊ. पुढे चाळीस दिवसांचा उपवासकाळ आहे, म्हणून आधी धुमाकूळ. पुढे श्रावण नसता, तर गटारी हा नुसता एक ओला रविवार झाला असता. ज्याला महिनाभर थांबता येतं, त्याचीच ती खरी.

म्हणून वहीच्या पहिल्या पानावर नियम लिहून ठेवलाय: श्रावणात ज्याच्या हाती पेला दिसेल, त्याची पुढच्या वर्षी वर्गणी दुप्पट. वसुली बरी होते. गेल्या खेपेचं मटण त्यातूनच आलं.