आधी भरती बघा, मग घाट

भोरहून मंडणगडला गाडीने जायचं म्हटलं की आमच्याकडे एकच प्रश्न विचारतात: वरंधा चालू आहे का? घाट चालू असला की पिशव्या गाडीत. घाटाखाली महाड, महाडला सावित्री, आणि तिथून पुढे सावित्रीचं पाणी दिवसातून दोनदा उलटं वाहतं, हे कुणाच्या डोक्यात नसतं. असणार तरी कसं? आम्हाला माहीत असलेलं पाणी धरणाचं. भाटघरचं पाणी पावसाळ्यात चढतं आणि उन्हाळा सरेपर्यंत हळूहळू उतरतं. वेळवंडी नदीतलं कांबरेश्वराचं देऊळ मे महिन्यात उघडं पडलं की धरणाने तळ गाठला असं आम्ही समजतो. खाडीत हाच चढउतार सहा-सहा तासांत उरकतो.

माझी बहीण मंडणगड तालुक्यात दिलेली. राखी पौर्णिमेला मी तिच्याकडे जायचं, हा ठरलेला रिवाज. 2022 साली आंबेतचा पूल बंद होता. रायगडातलं आंबेत, म्हणजे बॅरिस्टर अंतुले यांचं गाव, आणि पलीकडचं रत्नागिरी जिल्ह्यातलं म्हाप्रळ यांना जोडणारा, सावित्रीच्या खाडीवरचा हा पूल. तो बंद म्हणून खाडीत गाड्या वाहून नेणारी जंगलजेटी सुरू होती. बोट आहे म्हणजे झालं, असा घरात सगळ्यांचाच हिशोब.

सकाळी जेवणं उरकून निघालो. हिर्डोशीच्या वाटेवर गाड्या माघारी फिरवत होते. घाटात दरड आली होती. मग परत भोर, कापूरहोळ, पुणे, मुळशी आणि ताम्हिणी. ताम्हिणीत धबधब्यांवर आलेल्या पर्यटकांच्या गाड्या रस्त्याच्या दोन्ही कडांना लावलेल्या. माणगाव, लोणेरे, गोरेगाव करत आंबेतच्या धक्क्यावर पोचलो तेव्हा दिवस कलला होता.

खाडीत पाणी होतं, पण मधोमध. काठाला राखाडी चिखल, त्यात खेकड्यांची बिळं. धक्क्याचा सिमेंटचा उतार खालच्या टोकाला शेवाळाने हिरवा झालेला. पलीकडून बोट आली आणि उताराच्या अलीकडेच थबकली. तिचा फळका खाली आला, तरी त्याच्या टोकात आणि उतारात हातभर अंतर राहिलं. दोघांनी मिळून एक मोटारसायकल उचलून उतरवली. चारचाकीला वाट नव्हती.

“पाणी चढू दे, भाऊ,” खलाशी म्हणाला. “आज पुनव. जास्तच सुकलंय.”

पाणी चढलं, पण आधीपासून थांबलेल्या गाड्यांची रांग मोठी होती. आमचा नंबर यायच्या आत त्या दिवसाच्या फेऱ्या संपल्या. रात्र गोरेगावात एका लॉजवर काढली, राखी दुसऱ्या दिवशी बांधून झाली. तेव्हापासून मी प्रवासाचा बेत उलट्या टोकाने मांडतो: आधी खाडी, मग पूल, शेवटी घाट. घाटाला वळसा घालता येतो, पुलाला पर्याय निघतो. भरतीला मात्र थांबावंच लागतं.

खाडीचा हिशोब सोपा आहे. कोकणात जुनी माणसं तिथीची पाऊणपट करतात. अष्टमी असेल तर आठाचे पाऊणपट सहा. म्हणजे भरती सकाळ-संध्याकाळ सहाच्या आसपास आणि ओहोटी बाराच्या सुमारास. पौर्णिमेला पंधराचे पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे दुपारी आणि मध्यरात्रीच्या आसपास भरती, आणि संध्याकाळी पाच-सहाला पुरती ओहोटी. अमावास्येलाही तेच. शुद्ध असो वा वद्य, तिथी एक ते पंधराच धरायची. रोजची वेळ पाऊण ते एक तासाने पुढे सरकते, त्यामुळे आत्ता भरतीत गाठलेला धक्का चार-पाच दिवसांनी परतताना त्याच वेळी कोरडा सापडू शकतो. जाण्याबरोबर येण्याचीही तिथी बघा.

हा हिशोब ढोबळ आहे आणि तो समुद्रकाठचा आहे. बाणकोटजवळ खाडीच्या मुखाशी भरती येते तेव्हा आत आंबेतला ती अजून पोचायची असते. तेव्हा आतल्या धक्क्यावर जायचं तर वेळ आणखी पुढे धरा. नेमकी वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यात मिळते. त्याहून बरं म्हणजे धक्क्यावर फोन करून विचारणं. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं: पाणी जास्त चढतं आणि जास्तच सुकतं. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती. चढ-उतार कमी, त्यामुळे बुटक्या गाडीवाल्यांना हे दिवस सोयीचे. बागमांडला-वेसवी दरम्यान पुलाचं काम वर्षानुवर्षं रखडल्यामुळे जंगलजेटीवाचून सोय नाही, तिथेही हाच विचार करावा. हरिहरेश्वरला जाणाऱ्यांनी तर दुप्पट. बोटीला भरती हवी आणि देवळामागच्या खडकांवरून प्रदक्षिणेला ओहोटी. भरती लागल्यावर त्या वाटेवर कुणी जाऊ नये. लाटेने माणसं ओढून नेलेली आहेत.

आता पूल. “पूल बंद” म्हटलं की पुढचा प्रश्न विचारा: कुणाला बंद? कधी फक्त जड वाहनांना असतो, कधी दिवसाच्या ठराविक तासांत, कधी सगळ्यांनाच. सावित्रीच्या पुलांबाबत यंत्रणा कडक झाली त्याला कारण आहे. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळचा ब्रिटिशकालीन पूल पुरात कोसळला आणि दोन एसटी गाड्या नदीत गेल्या. नवा पूल पुढच्या जूनमध्ये खुला झाला, पण गेलेली माणसं गेली. पूल बंद असला की चिडू नका आणि अडथळ्याच्या कडेने गाडी काढू नका.

शेवटी घाट. वरंधा पावसाळ्यात जड वाहनांना बंद ठेवतात, आणि रेड किंवा ऑरेंज अलर्ट असला की सगळ्यांनाच. अर्धा घाट पुणे जिल्ह्यात, अर्धा रायगडात, म्हणून दोन्हीकडचे आदेश बघावे लागतात. निघण्यापूर्वी भोरच्या एसटी आगारात महाडची गाडी सुटली का ते विचारा. वळसा घालायचा तर ताम्हिणी किंवा महाबळेश्वरहून पोलादपूरला उतरणारा आंबेनळी घाट. पण तिन्ही घाटांवर पाऊस एकच असतो, त्यामुळे वळशाचीही चौकशी करूनच निघा. वेल्ह्याच्या, म्हणजे आताच्या राजगड तालुक्याच्या मंडळींसाठी एक गोष्ट: केळदच्या मढे घाटातून खाली महाड तालुका हाकेवर दिसतो, पण ती पायवाट आहे. नकाशावरचं अंतर बघून गाडी तिकडे घालू नका.

एक दिवस मात्र हिशोब न करता घरी बसण्याचा. महाबळेश्वरला धो धो पाऊस आणि खाली उधाणाची भरती, असा मेळ जमला की सावित्रीच्या पुराला समुद्र वाट देत नाही आणि महाडात पाणी शिरतं. 22 जुलै 2021 ला महाड बुडालं आणि त्याच दिवशी वरंध्याखालच्या तळिये गावावर डोंगर कोसळला. अशा पावसात राखी पोस्टाने आली तरी चालते.

बोटीत गाडी चढवताना बायकामुलांना आधी उतरवून घ्या, चढवल्यावर इंजिन बंद करून हँडब्रेक ओढा, आणि ओल्या उतारावर ब्रेक मारू नका. मुक्कामाची सोय खाडीच्या अलीकडे बघून ठेवा. बाकी काही लक्षात राहिलं नाही तरी एवढं ठेवा: पौर्णिमा-अमावास्येला खाडी दुपारी ओलांडा, संध्याकाळवर टाकू नका.