बंद दाराआडचे माता-पिता आणि त्यांचा हक्क



सूरह बनी इस्राईलच्या २३ व्या व २४ व्या आयतींत माता-पित्यांशी सद्वर्तन करण्याचा जो आदेश आहे, तो आपणांस परिचित आहे. त्यातील एका लहानशा शब्दाकडे मात्र आपले लक्ष सहसा जात नाही. आई-वडिलांपैकी एक किंवा दोघेही वृद्धावस्थेस पोहोचले तर कसे वागावे, हे सांगताना मूळ अरबीत ‘इन्दक’ हा शब्द आला आहे, म्हणजे ‘तुझ्याजवळ’. वार्धक्य अपत्याच्या सान्निध्यात येणार, हे तेथे गृहीत धरले आहे. ‘उफ’देखील न उच्चारण्याची कसोटी जवळ राहणाऱ्यालाच लागते, दूर राहणाऱ्याला ती लागतच नाही.

मग ज्या काळात जवळ जाण्यासच मनाई होते, त्या काळी या आदेशाचे पालन कसे करावे? २०२० साली हा प्रश्न जगभरातील असंख्य कुटुंबांपुढे उभा राहिला. आपल्याकडे ‘नर्सिंग होम’ म्हटले की लहान खासगी रुग्णालय डोळ्यांसमोर येते. अमेरिकेत व युरोपात मात्र अशक्त, विस्मृतीने ग्रासलेले वृद्ध जेथे वर्षानुवर्षे राहतात, ते त्यांचे शेवटचे घर म्हणजे नर्सिंग होम. १३ मार्च २०२० रोजी अमेरिकेत मेडिकेअर व मेडिकेड या योजना चालवणाऱ्या केंद्रीय संस्थेने अशा घरांत बाहेरच्या व्यक्तींना प्रवेश न देण्याची सूचना काढली. मृत्युसमयीच्या भेटीसारखे अपवाद तेवढे राहिले. त्याच महिन्यात नेदरलँड्सनेही देशभर अशीच बंदी घातली. मुली खिडकीच्या काचेला हात लावून उभ्या राहिल्या. आतल्या आईला मात्र ही बाई आत का येत नाही, हे उमगत नव्हते.

त्या बंदीस निव्वळ निर्दयपणा म्हणणे न्यायाचे होणार नाही. संसर्गापासून जीव वाचवणे ही शरीअतचीही मागणी आहे. साथ असलेल्या प्रदेशात जाऊ नये आणि असलेल्या जागेतून साथीच्या भीतीने पळून जाऊ नये, ही प्रेषितांची (स.) शिकवण सहीह बुखारीत आहे. आजारी उंटांच्या मालकाने ते निरोगी उंटांच्या कळपात आणू नयेत, असेही त्यांनी शिकवले. अम्वासच्या साथीच्या वेळी ह. उमर (रजि.) शामच्या सीमेवरील सर्ग येथून माघारी फिरले. ‘हे अल्लाहच्या निर्णयापासून पळणे नव्हे काय?’ अशा आशयाचा प्रश्न ह. अबू उबैदा (रजि.) यांनी केला, तेव्हा आपण अल्लाहच्या एका निर्णयाकडून त्याच्याच दुसऱ्या निर्णयाकडे जात आहोत, असे उत्तर त्यांनी दिले. ज्याला ताप आहे, खोकला आहे, त्याने प्रेमाच्या नावाखाली वृद्धांच्या खोलीत शिरणे म्हणजे त्यांच्यावर जुलूमच होय.

परंतु हीच घटना पुढे वाचावी. माघारी फिरलेला काफिला बाहेरून येणारा होता. ह. अबू उबैदा (रजि.) मात्र आपल्या लोकांतच राहिले आणि त्याच साथीत हिजरी १८ मध्ये त्यांचे निधन झाले. साथीच्या हदीसने ये-जा थांबवली. आत असलेल्या रुग्णाला एकटे सोडण्याची मुभा तिने कोणालाही दिलेली नाही. इयादत हा तर एका मुस्लिमाचा दुसऱ्या मुस्लिमावरील हक्क. सहीह मुस्लिममधील हदीस-ए-कुदसीचा आशय आठवा: माझा अमुक सेवक आजारी असताना तू त्याच्याकडे गेला नाहीस, गेला असतास तर मी तुला तेथेच सापडलो असतो, अशी विचारणा कयामतच्या दिवशी होणार आहे.

येथे एक भेद ध्यानात घ्यावा. विचारपूस करून परतणारा पाहुणा वेगळा आणि रोज दोन घास भरवणारी मुलगी वेगळी. पाहुण्याची भेट पुढे ढकलता येते. घास पुढे ढकलता येत नाही. त्या घरांतील परिचारिका आणि स्वयंपाकी रोज आपापल्या घरून येत व संध्याकाळी परत जात. मुखपट्टी, हात धुणे, तपासणी या अटींवर त्यांचे हात चालत होते, तर त्याच अटींवर मुलीचे हात का चालू नयेत? माझ्या मते दोषाचे मूळ येथे आहे: शुश्रूषा करणाऱ्या नातलगाला पाहुण्यांच्या रांगेत बसवले गेले.

कायद्यालाही हे हळूहळू उमगले. मे २०२० मध्ये नेदरलँड्समधील २६ घरांत अटींसह भेटी पुन्हा सुरू करून पाहण्यात आल्या. त्या भेटींमुळे नव्याने लागण झाल्याचे आढळले नाही. १७ सप्टेंबर २०२० रोजी अमेरिकेतील त्याच केंद्रीय संस्थेने स्पष्ट केले, की अनुकंपेची भेट केवळ मरणासन्न व्यक्तीसाठी नसते. जवळचे माणूस गमावल्याने शोकात असलेला वृद्ध, पूर्वी नातलगाच्या आग्रहाने जेवणारा व आता वजन घटत चाललेला, पूर्वी बोलका असून आता अबोल झालेला किंवा वारंवार रडणारा, हे सारे त्यात आले. ही यादी वाचताना एखाद्या सुनेने आपल्या सासूचे वर्णन केले आहे, असेच वाटते. १२ नोव्हेंबर २०२१ पासून तेथे सर्व रहिवाशांना सदैव भेटीची मोकळीक मिळाली. त्याआधी दहाच दिवस टेक्सासच्या मतदारांनी राज्यघटनेतच दुरुस्ती मंजूर केली: रहिवाशाने शुश्रूषेसाठी नेमलेल्या व्यक्तीची प्रत्यक्ष भेट संस्थेला नाकारता येणार नाही. इंग्लंडमध्ये, जेथे कोकणातील कित्येक मुस्लिम कुटुंबे स्थायिक आहेत, ६ एप्रिल २०२४ पासून भेटीची सोय करणे हे अशा संस्थांवर बंधनकारक मानक झाले आहे.

वाचकहो, या साऱ्या कायद्यांत हक्क कोणाला दिला आहे ते पाहा. मुलाला नव्हे, वृद्धाला. अमेरिकेच्या १९८७ च्या कायद्यानुसार कुटुंबीयांना तत्काळ प्रवेश आहे; पण रहिवासी ‘नको’ म्हणाला तर तोही संपतो. आपल्या परिभाषेत हा हक्कुल-इबाद आहे: हक्क त्यांचा, कर्तव्य आपले. म्हणूनच एक कटू गोष्टही बोलली पाहिजे. साथीपूर्वी वर्षात एकदा, ईदच्या दुसऱ्या दिवशी, घाईने डोकावणाऱ्या मुलाने ‘माझा हक्क हिरावला’ असे म्हणू नये. दार उघडे असताना त्यानेच ते लावून घेतले होते.

आपल्यापैकी ज्यांचे वडीलधारे वृद्धाश्रमात वा दीर्घकाळ रुग्णालयात आहेत, त्यांनी साथ येण्याची वाट पाहू नये. संकटकाळी प्रवेश कोणाला व कोणत्या अटींवर, हे संस्थेला आजच लेखी विचारावे. शुश्रूषेसाठी एक आणि तिला अडचण आल्यास दुसरी, अशा दोन व्यक्तींची नावे नोंदवावीत. संस्थेच्या कर्मचाऱ्यांना लागू असलेली सर्व पथ्ये आपणही पाळू, असे त्याच कागदावर लिहून द्यावे. अखेरच्या क्षणी कलिम्याची तल्कीन करणारे कोणी जवळ असावे, हीही मागणी त्यात असावी; ही आपली सुन्नत आहे हे संस्थाचालकांना सांगितल्याखेरीज कळणार नाही.

आणि नावे ठरवण्यापूर्वी आईलाच विचारावे. ती थोरल्या मुलाऐवजी धाकट्या सुनेचे किंवा शेजारच्या खालाजानचे नाव घेईल, तर कागदावर तेच लिहावे.