रिकामी गव्हाण

नाताळात मांडल्या जाणाऱ्या गोठ्याच्या देखाव्याची परंपरा इटलीतील ग्रेच्चो या डोंगरी गावाशी जोडली जाते. असिसीचे संत फ्रान्सिस यांनी १२२३ च्या नाताळरात्री तेथे गवताने भरलेली गव्हाण ठेवून तिच्याजवळ खरा बैल व गाढव उभे केले. ख्रिस्ताने जन्मतःच सोसलेले दारिद्र्य लोकांना प्रत्यक्ष दिसावे, हा त्यांचा हेतू होता. आज अनेक कॅथलिक कुटुंबांत गोठा आगमनकाळातच सजतो. परंतु बाळ येशूची मूर्ती २४ डिसेंबरच्या रात्रीच ठेवतात. तोवर गव्हाण रिकामी असते. सणाच्या गडबडीत ही रिकामी जागा सहज नजरेआड होते; वस्तुतः परंपरेचे मर्म तिच्यातच आहे. बेथलेहेमच्या उतारशाळेत ज्याला जागा मिळाली नाही, त्याच्यासाठी ती राखलेली असते.