पालक वर्गात येतात तेव्हा

शाळेतून निरोप आला, की घरातील मोठ्यांच्या मनात पहिला प्रश्न उभा राहतो : आता पोराने काय केले? निरोप बहुधा तक्रारीचाच असतो. गैरहजेरी, कमी गुण, वर्गातील भांडण किंवा थकलेली फी. पालक येतात, कार्यालयाबाहेरच्या बाकावर बसतात, मान खाली घालून ऐकतात, प्रगतिपुस्तकावर सही करतात आणि परततात. आपले मूल दहा वर्षे ज्या वर्गांत बसते, ते वर्ग आतून कसे चालतात हे अनेकांना शेवटपर्यंत कळत नाही.

प्राथमिक शाळेत हे अंतर तुलनेने कमी असते. मुलाला सोडायला येणारी आई बाईंशी दोन शब्द बोलते. मूल नववीत गेले, की प्रत्येक विषयाला वेगळे शिक्षक येतात आणि घरच्यांना अभ्यास परका वाटू लागतो. शिवाय या वयात मुलालाच वाटू लागते, की आईवडिलांनी शाळेत येऊ नये. त्यांच्या मळक्या कपड्यांची, गावाकडच्या बोलण्याची त्याला लाज वाटते. हा केवळ वयाचा दोष म्हणून सोडून देता येणार नाही. ही लाज काही अंशी शाळेनेच शिकवलेली असते. पुस्तकात असते ते ज्ञान आणि हाताने केले जाते ते नुसते काम, अशी वाटणी वर्गात रोज होत असेल, तर गवंड्याच्या मुलीला वडिलांविषयी दुसरे काय वाटणार?

पालकांना शाळेत स्थान असावे, हे कायद्यानेही मान्य केले आहे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि समितीत निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. दिल्लीच्या सरकारी शाळांनी 30 जुलै 2016 रोजी एकाच दिवशी पालक-शिक्षकांची मोठी सभा घेतली. हे सारे आवश्यकच आहे. तथापि समितीची बैठक निराळी आणि वर्ग निराळा. बैठकीत पालक शाळेकडे काही मागतो, तिच्या कारभारावर लक्ष ठेवतो. वर्गात आलेला पालक स्वतःजवळचे काही देतो.

ते काय असू शकते? असे समजू, की माध्यमिक शाळेत भूमितीचा तास चालू आहे आणि फळ्यावर पायथागोरसचे प्रमेय आहे. शिक्षकांनी एका मुलीच्या वडिलांना बोलावले आहे. ते गवंडीकाम करतात. येताना त्यांनी दोरी, टेप आणि ओळंबा आणला आहे. बाके बाजूला सरकवून ते जमिनीवर खडूने एक रेघ मारतात आणि विचारतात, ‘या रेघेला काटकोनात भिंत उभी करायची आहे. कशी कराल?’ मुले कंपासपेटीतील गुण्या पुढे करतात. ते हसून सांगतात, की एवढ्याशा गुण्याने खोलीचा कोपरा धरला, तर भिंतीच्या दुसऱ्या टोकाला चूक वीतभर होईल. मग ते कोपऱ्यापासून एका बाजूला 3 फुटांवर आणि दुसऱ्या बाजूला 4 फुटांवर खूण करतात. दोन खुणांमधील अंतर बरोबर 5 फूट भरेपर्यंत दोरी सरकवतात. अंतर कमी भरले तर कोन आत दबला, जास्त भरले तर तो फाकला. जागा मोठी असेल, तर 6, 8 आणि 10 फूट घेतात. माप मोठे घेतले, की चूक लहान होते.

येथे शिक्षकांचे काम सुरू होते. हा प्रमेयाचा व्यत्यास आहे, हे ते फळ्यावर मांडतात. प्राचीन भारतातील वेद्यांची मापे सांगणाऱ्या ग्रंथांना शुल्बसूत्रे म्हणतात आणि ‘शुल्ब’ म्हणजे दोरी, हेही ते सांगतात. गवंड्याला व्यत्यास हा शब्द ठाऊक नसेल, पण त्यातील गणित त्याच्या हातात आहे. मागच्या बाकावर बसलेल्या त्याच्या मुलीला त्या दिवशी काय वाटले असेल, याची कल्पना विद्यार्थ्यांनी स्वतःच करावी.

भाजी विकणारी आईही असाच तास घेऊ शकते. 20 किलो टोमॅटो 400 रुपयांना घेतले, टेम्पोचे भाडे 50 रुपये झाले आणि 2 किलो माल सडला. तर किलोमागे किती रुपये मिळाले म्हणजे तोटा होणार नाही? मुले घाईने 20 म्हणतात. उत्तर 25 आहे, आणि ते तिला कागदाशिवाय ठाऊक असते.

शिक्षण आणि हाताचे काम यांची फारकत नको, हा विचार महात्मा गांधींनी ऑक्टोबर 1937 मध्ये वर्धा येथील परिषदेत मांडला होता. 2005 च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानेही शाळेतील ज्ञान बाहेरच्या जीवनाशी जोडण्याचे तत्त्व अग्रभागी ठेवले. तत्त्वाला विरोध कोणी करत नाही, अडचणी व्यवहारात येतात. रोजंदारीवर जाणाऱ्या माणसाला दुपारी बोलावणे म्हणजे त्याचा दिवस बुडवणे. म्हणून वेळ पालकांना विचारूनच ठरवावी लागते. इंदूर किंवा वडोदरा येथील मराठी घरातील आईला शाळेची भाषा बोलताना संकोच वाटतो. तिला मराठीत बोलू द्यावे आणि तिच्या मुलाने ते वर्गाला समजावून सांगावे. मुलाची संमतीही आधी घ्यावी, अचानक बोलावून त्याला अवघडून टाकू नये. आणि केवळ डॉक्टर, अभियंता किंवा अधिकारी असलेले पालकच बोलावले, तर जी वाटणी मोडायची तीच अधिक पक्की होते. अनेक शाळांकडून हीच चूक घडते.

मुक्त विद्यालयात शिकणारे कित्येक जण स्वतः पालक आहेत. दिवसभर काम करून रात्री ते पुस्तक उघडतात आणि शेजारी त्यांचे मूलही अभ्यासाला बसलेले असते. अशा पालकाने वर्गात जाऊन, अर्धवट सुटलेली शाळा आपण पुन्हा का धरली, एवढेच सांगितले तरी तो तास वाया जाणार नाही.

कृती : तुम्ही रोज करता त्या कामात मोजणे, तोलणे, अंदाज घेणे किंवा माणसांशी बोलणे कोठे येते, ते आठवा. त्यांपैकी एक गोष्ट निवडा आणि ती नववीच्या मुलांना दहा मिनिटांत कशी दाखवाल, याचे टिपण तयार करा. सोबत कोणती साधने न्याल, तेही लिहा.