अमेरिकेची दारूबंदी आणि ख्रिस्ती मंडळी

१६ जानेवारी १९२० रोजी अमेरिकेतील नॉरफोक शहरी बिली संडे या विख्यात सुवार्तिकाने एक अजब अंत्यविधी चालविला. शवपेटी होती, पण मृत मनुष्य नव्हता. दफन व्हावयाचे होते ते ‘जॉन बार्लीकॉर्न’ याचे, म्हणजे मद्याला मिळालेल्या मानवी रूपाचे. त्या मध्यरात्रीपासून मद्य बनविणे, विकणे व वाहून नेणे राज्यघटनेनेच निषिद्ध ठरणार होते. वाचकहो, चौदा वर्षेही पुरी झाली नाहीत तोच, ५ डिसेंबर १९३३ रोजी, ही बंदी उठविण्यात आली.

प्रथम चळवळीचा उगम ध्यानी घ्या. १८७३ च्या डिसेंबरात ओहायोतील हिल्सबरो गावच्या स्त्रिया दारूच्या गुत्त्यांत शिरल्या व तेथेच गुडघे टेकून प्रार्थना करू लागल्या. नवऱ्याची मजुरी गुत्त्यात जाई आणि मुले उपाशी निजत. स्त्रियांना मताचा अधिकार नव्हता. प्रार्थना तेवढी हाती होती. पुढील वर्षी ख्रिस्ती स्त्रियांचा मद्यनिषेध संघ स्थापन झाला. पंडिता रमाबाईंनी त्याचे कार्य अमेरिकेत प्रत्यक्ष पाहिले आणि १८८९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवृत्तात त्याविषयी लिहिले.

१८९३ साली ओहायोतच गुत्ताविरोधी लीग निघाली आणि कार्याची रीत पालटली. तिचे धुरीण वेन व्हीलर उमेदवाराला एकच प्रश्न विचारीत: दारूबंदीला मत देणार की नाही? तो स्वतः पितो की काय, याची चौकशी नसे. सिनेटर हार्डिंग यांनी बंदीला मत दिले. पुढे राष्ट्राध्यक्ष झाल्यावर त्यांच्या निवासस्थानी पत्त्यांच्या बैठकीत व्हिस्की चालतच राहिली. हा व्यवहार मंडळ्यांना खटकला नाही, हे मला फार सूचक वाटते.

कायदा सर्वथा निष्फळ ठरला असे मात्र म्हणू नये. आरंभीच्या वर्षांत मद्यपान खरोखरच घटले आणि यकृताच्या विकाराने होणारे मृत्यूही कमी झाले. पण कायद्याचा भार सर्वांवर सारखा पडला नाही. बंदीपूर्वी घरात साठविलेले मद्य पिण्यास मनाई नसल्याने श्रीमंतांची तळघरे भरलेली होती. गरिबांच्या वाट्याला चोरटी दारू आली. कारखान्यांतील मद्यार्क कोणी पिऊ नये म्हणून सरकारी नियमानुसार त्यात विष मिसळले जाई. ते चोरून विकले जाऊ लागले, तेव्हा विषाची मात्रा वाढविण्यात आली आणि माणसे मरू लागली. त्यावर व्हीलर यांचे मत असे की, असे मद्य पिणारा जाणूनबुजून आत्महत्या करतो. हिल्सबरोच्या स्त्रियांनी अशाच माणसांसाठी गुडघे टेकले होते!

याच दशकात कू क्लक्स क्लान ही गोऱ्या वर्चस्ववाद्यांची संघटना दारूबंदीची कैवारी म्हणून मिरवू लागली. तिचे सभासद पांढरे झगे घालून उपासनेच्या वेळी मंदिरात येत व पाळकाच्या हाती देणगी ठेवीत. कित्येक पाळकांनी ती स्वीकारली. इलिनॉय राज्यात १९२३-२४ च्या सुमारास दारू शोधण्याच्या निमित्ताने इटालियन खाणकामगारांच्या घरांवर धाडी पडल्या. त्यांत क्लानचे लोक पुढे होते. १९२८ मध्ये बंदीचे विरोधक आल स्मिथ अध्यक्षपदासाठी उभे राहिले, तेव्हा त्यांच्याविरुद्धच्या प्रचारात दारू आणि त्यांचा रोमन कॅथलिक पंथ यांची सरमिसळ झाली. मेथडिस्ट बिशप कॅनन त्या मोहिमेत अग्रभागी होते.

१९२९ साली कायदा मोडणाऱ्यास पाच वर्षे कैद व दहा हजार डॉलर दंड, इथवर शिक्षा वाढली. त्याच वर्षी पॉलिन सेबिन या बाईंनी बंदी उठविण्यासाठी स्त्रियांची संघटना उभारली. आपल्या मुलांना दारूविरहित जग लाभेल, या आशेने त्यांनी पूर्वी बंदीला पाठिंबा दिला होता.

बंदी उठल्यावर दीड वर्षाने, मे १९३५ मध्ये, त्याच ओहायो राज्यातील अक्रन शहरी दारूच्या व्यसनाने पोळलेली दोन माणसे भेटली: एक शेअरबाजारातील, दुसरा शस्त्रवैद्य. वैद्याने पंधराच मिनिटे देऊ केली होती. ते कित्येक तास बोलत बसले. ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’चा आरंभ त्या भेटीतून झाला.